रात्रीचं भिंग, दिवसाची नजर

दिवाळीच्या सुट्टीत उकव्याला घरी गेले, तर आईने दारातच विचारलं, "रात्री डोळ्यात भिंग घालून झोपाचं अन् दिवसभर चष्मा नाही, असं खरंच होते का वं?" धाकटीला मायनस अडीचचा नंबर आहे. ती शाळेत कबड्डी खेळते आणि चष्म्यापायी तिला बाहेर बसावं लागतं. घरात विज्ञान शिकणारी मी एकटीच, म्हणून उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं. जे समजलं ते इथे मांडते.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात, म्हणजेच कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण प्रकाश वळवायचं जवळपास दोन तृतीयांश काम तोच करतो. निकटदृष्टितेत डोळ्याचा गोळा बहुधा जरा लांबट झालेला असतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. वही स्वच्छ दिसते, फळा धूसर. पारपटल मधोमध थोडं सपाट झालं, तर प्रतिमा मागे सरकून जागेवर येते.

ऑर्थो-के भिंगं हेच करतात. ती कडक असतात, पण त्यांतून प्राणवायू जातो. भिंगाचा मधला भाग पारपटलापेक्षा सपाट असतो आणि दोघांमध्ये अश्रूंचा पातळ थर राहतो. त्या थरातल्या दाबामुळे पारपटलावरच्या पेशींचा थर मध्यभागी पातळ होतो, भोवती जाड होतो. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी, तरी नजरेला पुरतो. सकाळी भिंग काढायचं, दिवस मोकळा.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज जेसन यांनी १९६२ साली मुद्दाम सपाट भिंगं वापरून नंबर कमी करण्याची पद्धत मांडली. रात्री घालून झोपायच्या भिंगांना तिथल्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. मुलांच्या डोळ्याची लांबी वाढण्याचा वेगही यामुळे मंदावतो, असं हाँगकाँगमधल्या अभ्यासांत दिसलं आहे.

पण आईला मी आधी हे सांगितलं की नंबर कायमचा जात नाही. काही रात्री भिंग घातलं नाही की पारपटल मूळ आकारावर येतं, धूसरपणाही परततो. फार मोठ्या नंबरला याचा नीट उपयोग होत नाही. काहींना रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात.

खरी भीती जंतुसंसर्गाची. मिटलेल्या पापणीखाली डोळ्याला प्राणवायू कमी मिळतो. त्यात भिंग अस्वच्छ असेल तर पारपटलावर जखम होऊन नजर कायमची जाऊ शकते. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, म्हणून भिंगाला असलं पाणी लावायचंच नाही. त्यासाठीचं द्रावणच वापरायचं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर भिंग काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

इथेच आमचं गणित अडलं. उकवा म्हणजे मँगनीजची खाण. काळी धूळ हातापायांवर नेहमीचीच. पारपटलाचा नकाशा काढून भिंग बसवणारे आणि पुन्हा पुन्हा तपासणारे डॉक्टर आम्हाला नागपुरातच सापडले. रात्री दोनला डोळा दुखला, तर बालाघाटवरून नागपूर गाठायला उजाडेल.

धाकटी रुसली. "तुले काय, तुले कुठं खेळाचं आहे," म्हणाली. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं: सध्या चष्माच, दर सहा महिन्यांनी नंबर तपासायचा, आणि ती कॉलेजला नागपुरात आली की पुन्हा विचार करायचा.

भिंग चांगलं की वाईट, असा हा प्रश्न नाही. तुमच्यापैकी कोणी या वाटेने जाणार असाल तर आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा: रोज रात्री हात धुऊन, न कंटाळता हे पाळेन का? द्रावणाचा आणि तपासण्यांचा खर्च झेपेल का? आणि डोळा दुखला तर डॉक्टर किती तासांवर आहे? आमच्या घरी तिसऱ्या प्रश्नानेच निकाल दिला.