लाइम आजाराच्या थकव्यावर थायरॉइडची गोळी चालते का?

जानेवारी २०२० मध्ये जस्टिन बीबरने इन्स्टाग्रामवर आपल्याला लाइम आजार असल्याचं सांगितलं. जुलै २०२५ च्या अखेरीस जस्टिन टिंबरलेकनेही तेच सांगितलं. अशी पोस्ट आली की तिच्या मागोमाग एक सल्लाही फिरू लागतो. 'क्रॉनिक लाइम' असेल तर थायरॉइडचं हॉर्मोन सुरू करा, गहू-साखर-दूध बंद करा, थकवा जाईल.

हा सल्ला पूर्णपणे हवेतून आलेला नाही. म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच नीट तपासायला हवा.

मुळात लाइम म्हणजे काय?

लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं एक गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले आणि येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी शोध सुरू केला. गोचीड चावल्याने अंगात शिरणारा एक जिवाणू यामागे आहे, हे पुढे विली बर्गडॉर्फर यांनी शोधलं. अमेरिकेच्या 'सीडीसी' या आरोग्य यंत्रणेच्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात. भारतात हा आजार तुरळक आढळतो. (सिंधुदुर्गातला माकडतापही गोचीड चावल्यानेच होतो, पण तो विषाणूमुळे. त्याचा लाइमशी संबंध नाही.) न्यू जर्सीत मात्र लाइमचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि तिथे मराठी कुटुंबंही भरपूर आहेत.

डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स काही आठवडे घेतली की बहुतेक जण बरे होतात. पण साधारण ५ ते १० टक्के लोकांचा थकवा, अंगदुखी, डोक्यावर धुकं आल्यासारखं वाटणं सहा महिन्यांनंतरही जात नाही. हा त्रास खरा आहे. वाद आहे तो जिवाणू अजून अंगात आहे का, यावर. २००१ मध्ये १२९ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने अँटिबायोटिक्स दिली, काहींना तसाच दिसणारा, पण औषध नसलेला डोस. दोन्ही गटांत फरक पडला नाही.

आता अशा रुग्णाचा विचार करा. औषधाचा कोर्स संपलाय, रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि जिना चढताना दम लागतोय. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य चार ठिकाणी ऐकल्यावर 'तुमचा थायरॉइड मंद आहे' असं म्हणणारा देवासारखा वाटणारच.

थायरॉइड यात आला कुठून?

लक्षणांमधून. थायरॉइड कमी पडला तरी थकवा येतो, अंग दुखतं, लक्ष लागत नाही. ही ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते. शरीर गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करतं आणि खरं काम टी-३ करतं. कमी पडलं तर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. आजारपणात टी-३ खाली जाऊ शकतं, हे खरंच आहे. पण ग्रंथी धड असताना असं होतं, तेव्हा बहुतेक वेळा ती आजाराला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. आजार ओसरला की आकडा परत वर येतो.

टीएसएच नॉर्मल असलं तरी फक्त शरीराचं तापमान कमी आहे म्हणून टी-३ द्यायचं, ही कल्पना डेनिस विल्सन या अमेरिकी डॉक्टरने मांडली. १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या वैद्यकीय मंडळाने त्यांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनलाही या 'सिंड्रोम'साठी पुरावा सापडलेला नाही.

मग नॉर्मल रिपोर्ट असलेल्या थकलेल्या माणसाला गोळी देऊन कोणी पाहिलंय का? पाहिलंय. लाइमच्या रुग्णांवर नाही, पण प्रश्न तोच होता. थायरॉइड कमी असल्याची लक्षणं आहेत पण रिपोर्ट नॉर्मल आहेत, अशा लोकांवरचा ब्रिटनमधला अभ्यास २००१ मध्येच बीएमजे या नियतकालिकात आला. थायरॉक्सिन नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

'घेऊन तर बघू' म्हणण्याइतकं हे औषध निरुपद्रवी नाही. गरज नसताना घेतलं तर धडधड, झोप उडणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं असे परिणाम होतात. सुरुवातीला हुशारी आल्यासारखं वाटू शकतं, तिथेच फसगत होते. टी-३ ची गोळी टी-४ पेक्षा झपाट्याने चढते आणि उतरते.

पण टीएसएच खरोखर वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रोजची थायरॉक्सिनची गोळी हा योग्य उपचार असू शकतो, लाइम झालेला असो वा नसो. थकव्याचं खापर लाइमवर फोडून ही साधी तपासणी राहून जाणं, हेही तितकंच वाईट.

आणि आहार?

साखर बंद केल्याने लाइमचा जिवाणू उपाशी मरतो, याला आधार नाही. सीलिअॅक आजार असेल तर गहू सोडायलाच हवा, पण लाइम झाला म्हणून सोडायची गरज नाही. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेतल्या तर उलट थायरॉइडच बिघडू शकतो. गंमत म्हणजे गोचीड आणि ताट यांचा एक खरा संबंध आहे. अमेरिकेतली 'लोन स्टार' जातीची गोचीड चावल्यावर काहींना मटण-बीफची अॅलर्जी होते. ती गोचीड वेगळी आणि तो आजारही वेगळा.

थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी आहारातली वेळ मात्र सांभाळायची असते. गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह-कॅल्शिअमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने.

आणखी एक. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. काही चाचण्यांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसतात. थायरॉइड खरोखर कमी असलेल्या माणसाचा रिपोर्टही त्यामुळे नॉर्मल वाटू शकतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवावं, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते.