एन्फील्ड रायफलीची जडणघडण आणि आलमबाग

लखनौ शहराच्या दक्षिणेस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आलमबाग हा गजबजलेला भाग आहे. बसस्थानक, रेल्वेच्या वसाहती आणि 2017 साली सुरू झालेला मेट्रोमार्ग यांमुळे त्याचे जुने रूप पार पालटले आहे. अवधचा अखेरचा नबाब वाजिद अली शाह याने आपल्या बेगमेसाठी येथे तटबंदीची बाग व कोठी बांधली होती. 23 सप्टेंबर 1857 रोजी हॅवलॉक व आउट्रम यांच्या सैन्याने ती बाग घेतली. 24 नोव्हेंबरला हॅवलॉक मरण पावला व त्याला आलमबागेतच पुरण्यात आले. त्यानंतर 1858 च्या मार्चपर्यंत आउट्रमने सुमारे चार हजार माणसांनिशी हे ठाणे टिकवून धरले. मौलवी अहमदुल्ला शाह आणि बेगम हजरत महल यांच्या पक्षाने ठाण्यावर वारंवार हल्ले केले. परंतु ते परतवले गेले. या अपयशाला कारणे अनेक होती. त्यांपैकी एक म्हणजे इंग्रजी पलटणींच्या हाती असलेली एन्फील्ड रायफल.

1853 साली मान्य झालेली ही बंदूक एका कारागिराने एका बैठकीत घडविलेली नव्हती. नळी, आटे, गोळी, काडतूस, नेम धरण्याची शिडी अशा प्रत्येक भागाची निवड स्वतंत्रपणे व अनेक चाचण्यांनंतर करण्यात आली होती. लांब पल्ल्याच्या बंदुकीत एक भाग बदलला की दुसराही बदलावा लागतो. म्हणून या निवडीमागील विचार समजून घेणे उद्बोधक ठरते.

प्रथम नळीचा विचार करू. तोपर्यंत शिपायांना मिळणाऱ्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे व तिचा व्यास पाऊण इंच असे. बार चटकन भरता यावा म्हणून गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवीत. सुटताना ती नळीच्या अंगावर आपटत, डळमळत बाहेर पडे. साहजिकच शंभर वारांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थ होते. एन्फील्डची नळी 39 इंच लांब होती आणि तिचा व्यास 0.577 इंच, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर होता. व्यास कमी केल्यामुळे गोळी लांबट करता आली. लांबट गोळी त्याच वजनाच्या वाटोळ्या गोळीपेक्षा हवेचा विरोध अधिक चांगला सहन करते व आपला वेग दूरवर टिकवते.

परंतु लांबट गोळी स्वतःभोवती फिरत नसेल, तर ती हवेत कोलांट्या खाते. तिला फिरविण्यासाठी नळीत आतून तीन आटे पाडण्यात आले. हे आटे 78 इंचांत एक पूर्ण फेरा घेत; म्हणजे 39 इंचांच्या नळीत गोळीला बरोबर अर्धा फेरा मिळे. गोळी जितकी लांब, तितका पीळ अधिक लागतो. एन्फील्डची गोळी तुलनेने आखूड असल्यामुळे हा मंद पीळ तिला पुरे होत असे.

गोळीचे वजन 530 ग्रेन, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम होते. तिचा व्यास नळीपेक्षा किंचित कमी ठेवलेला असे, म्हणून ती गजाने सहज खाली ढकलता येई. बार उडाला की दारूच्या वायूच्या दाबाने मऊ शिसे फुगे व आट्यांत घट्ट बसे. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, असा हा दुहेरी लाभ होता. जुन्या रायफलींत गोळी ठोकून बसवावी लागे व त्यात वेळ जाई. ती अडचण येथे दूर झाली.

नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाला माशी व मागे उभी करता येणारी शिडी होती. शिडीवर नऊशे वारांपर्यंत व त्याहून पुढच्याही अंतराच्या खुणा असत. गोळी सरळ रेषेत जात नाही. ती कमानीसारखा मार्ग घेते. दूरच्या लक्ष्यावर ती वरून उतरत येते. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी डोक्यावरून निघून जाते किंवा अलीकडेच जमिनीत शिरते. इंग्लंडमधील हाइथ येथे 1853 साली नेमबाजीची शाळा निघाली, तेथे शिपायांना डोळ्यांनी अंतर ओळखण्याचे शिक्षण देत, ते याच कारणाने. शिडी कितीही चांगली असली, तरी अंतराचा अंदाज माणसालाच करावा लागतो.

याहून वेगळी निवडही शक्य होती. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने 0.451 इंच व्यासाची षट्कोनी नळी आणि 20 इंचांत एक फेरा घेणारा पीळ निवडला. 1857 सालच्या चाचण्यांत पाचशे वारांवर त्याच्या गोळ्यांचे सरासरी विचलन साडेचार इंचांच्या आसपास आले. एन्फील्डचे सत्तावीस इंचांच्या आसपास होते. तरीही सैन्याने ती स्वीकारली नाही. ती महाग होती, आणि दारूची काजळी साचली की अरुंद नळीत बार भरणे कठीण होई. मुंबई सैन्यातील जॉन जेकब याने सिंधमध्ये आपल्या कल्पनेप्रमाणे चार आट्यांची दुनळी रायफल बर्मिंगहॅमहून करवून घेतली होती. तिची शिडी दोन हजार वारांपर्यंत होती. एका अधिकाऱ्याच्या हौसेतून उत्तम शस्त्र निर्माण होऊ शकते. परंतु लक्षावधी शिपायांसाठी स्वस्त, भक्कम व अडाणी हातांनाही वापरता येईल अशी बंदूक लागते. नेमकेपणा हा निवडीचा एकमेव निकष नसतो.

आता सर्वांत क्षुल्लक वाटणारा भाग उरला : काडतूस. कागदाच्या पुडीत दारू व गोळी एकत्र बांधलेली असे. शिपाई पुडीचे टोक दातांनी तोडी, दारू नळीत ओती व गोळी कागदासह आत सारी. काजळीने माखलेल्या नळीतून ती घसरावी म्हणून गोळीकडच्या कागदाला वंगण लावलेले असे. वंगण नसते, तर काही बारांनंतर गोळी अडकून बसली असती. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र ते चरबी व मेण यांचे होते, आणि ती चरबी कोणत्या जनावराची आहे, हा प्रश्न ते निवडणाऱ्यांना महत्त्वाचा वाटला नाही. ज्याला ते तोंडात धरावयाचे होते, त्याला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता.

जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथे ही शंका प्रथम अधिकाऱ्यांच्या कानी आली. पुढे शिपायांनी बाजारातून आपले वंगण आणावे, काडतूस हाताने तोडावे, अशा सवलती देण्यात आल्या. परंतु तुटलेला विश्वास सांधला गेला नाही. मे महिन्याच्या आरंभी लखनौमध्येच अवधच्या सातव्या पलटणीने काडतूस तोंडाने तोडण्यास नकार दिला व हेन्री लॉरेन्सने तिची शस्त्रे काढून घेतली. 30 मे रोजी लखनौच्या छावणीत उठाव झाला. उठावाला राज्य खालसा करण्यापासून जमीनमहसुलापर्यंत अनेक कारणे होती. काडतुसाने त्या कोठारावर ठिणगी टाकली. ज्यांनी नव्या रायफलीचे काडतूस नाकारले, त्यांपैकी बहुतेकांना आलमबागेसमोर जुनी गुळगुळीत नळीची बंदूक घेऊन त्याच रायफलीला तोंड द्यावे लागले. त्यांच्या गोळ्या पोहोचण्यापूर्वीच समोरच्यांच्या गोळ्या त्यांच्यापर्यंत येत.

उठाव शमल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी 1858 साली एन्फील्डचाच एक निराळा नमुना काढला. बाहेरून ती तीच बंदूक दिसे. परंतु नळी आतून मोठी व गुळगुळीत केलेली होती आणि शिडी काढून टाकलेली होती. पूर्वी पल्ला वाढविण्यासाठी भागांची निवड झाली होती. आता ती पल्ला हेतुपुरस्सर कमी करण्यासाठी झाली. 1866 च्या सुमारास इंग्रजी सैन्यात मागून भरावयाची स्नायडर रायफल आली. तिच्या धातूच्या बुडाच्या काडतुसाला दातांनी तोडण्याची गरज उरली नाही. जो प्रश्न यंत्राने निर्माण केला होता, तो नऊ वर्षांनी यंत्रानेच मिटविला. दरम्यान घडावयाचे ते घडून गेले होते. आलमबागेतील हॅवलॉकची कबर आजही त्या दिवसांची आठवण देते. बागेबाहेर पडलेल्या असंख्य शिपायांची नावे मात्र कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.