टेकडीवरचे पाणी : मुंबईचे सेवा जलाशय

धरणातले पाणी थेट घरातल्या नळाला येत नाही. ते आधी शुद्धीकरण केंद्रात जाते, तिथून शहरातल्या एखाद्या उंच जागी बांधलेल्या मोठ्या टाकीत साठते आणि मग वस्तीत सोडले जाते. या टाकीला सेवा जलाशय म्हणतात. धरण पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवते, तर सेवा जलाशय काही तासांचा हिशेब सांभाळतो.

हा हिशेब आवश्यक ठरतो, कारण दुरून येणारी मुख्य जलवाहिनी दिवसरात्र साधारण सारख्याच वेगाने वाहते. लोकांची गरज मात्र सकाळ-संध्याकाळ वाढते आणि मध्यरात्री जवळजवळ थांबते. रात्री आलेले पाणी साठवून सकाळी द्यायचे, हे जलाशयाचे पहिले काम. ते नसते तर सकाळची सगळी गरज भागवण्यासाठी धरणापासून शहरापर्यंत कितीतरी मोठ्या वाहिन्या टाकाव्या लागल्या असत्या. वाहिनी फुटली किंवा वीज गेली, तरी साठ्यावर काही वेळ निभावता येते.

दुसरे काम दाब देण्याचे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. म्हणून जलाशय टेकडीवर बांधतात. तिथून पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या भाराने उतरते. सपाट शहराला ही उंची बांधून मिळवावी लागते. कोलकात्यात १९११ साली सुरू झालेली टाला टाकी सुमारे ११० फूट उंचीच्या लोखंडी खांबांवर उभी आहे आणि तिच्यात ९० लाख गॅलन पाणी मावते.

मुंबईला टेकड्या आयत्या मिळाल्या. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि विहिरी-तळ्यांवरचा भार हलका होऊ लागला. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. वाढत्या पुरवठ्याचे नीट वाटप करण्यासाठी १८८० च्या दशकात मलबार हिल आणि माझगावची भंडारवाडा टेकडी येथे जलाशय उभे राहिले. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा धरणाची भर पडली. पुढे धरणे वाढली, तसे उपनगरांतही जलाशय झाले.

हे जुने जलाशय जमिनीत बांधलेले, वरून झाकलेले आहेत. झाकणामुळे ऊन आत शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही; पक्ष्यांची घाण आणि धूळही पडत नाही. छतावर मातीचा थर देऊन झाडे लावली. मलबार हिलच्या जलाशयावरची बाग हँगिंग गार्डन म्हणून प्रसिद्ध झाली. तिला फिरोजशहा मेहतांचे नाव आहे. भंडारवाड्यावरही जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. तिथे फिरायला येणाऱ्या कितीतरी जणांना आपल्या पायाखाली शहराचे पिण्याचे पाणी आहे याची कल्पना नसते.

मलबार हिल जलाशयाची क्षमता सुमारे १४.७ कोटी लिटर असून गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव, वाळकेश्वर अशा दक्षिण मुंबईतल्या वस्त्यांना तो पाणी पुरवतो. मुंबईत पाणी चोवीस तास नसते. भागाभागाला वेळ ठरलेली असते. त्या वेळेआधी जलाशय भरलेला हवा आणि झडपा वेळेवर उघडायला हव्यात. पातळी खाली राहिली, तर झळ आधी चढावरच्या आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना बसते.

जलाशय जुना झाला की दुरुस्ती अवघड होते, कारण पुरवठा थांबवता येत नाही. म्हणूनच त्याचे कप्पे करतात : एक रिकामा करून तपासायचा, धुवायचा, गळती बुजवायची, बाकीच्यांतून पाणी चालू ठेवायचे. मलबार हिल जलाशय पाडून नवा बांधण्याच्या प्रस्तावात बागेतली झाडे तोडावी लागणार होती, म्हणून रहिवाशांनी विरोध केला. डिसेंबर २०२३ मध्ये तज्ज्ञांनी कप्पे रिकामे करून आतून पाहणी केली, तेव्हा तेवढ्यापुरती पाणीकपातही करावी लागली. नवा जलाशय बांधायचा की जुना दुरुस्त करायचा, हा निर्णय अशा आतल्या पाहणीवरच घ्यायला हवा. स्लॅब, खांब आणि भिंती यांची ठरावीक काळाने तपासणी, नियमित सफाई आणि एक कप्पा बंद ठेवता येईल इतकी जादा साठवण, एवढे सांभाळले तर शतक ओलांडलेले जलाशयही शहराला उपयोगी पडत राहतात.