खतावणी आणि संगणकातील जागा

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याचे दुकान असो वा महानगरातील पेढी, रोजमेळ आणि खतावणी आता संगणकातच असतात. त्यामुळे ‘डिस्क भरली’ ही सूचना दिसताच व्यापारी धास्तावतो आणि जुन्या वर्षांच्या फाइली पुसू लागतो. हे उचित नव्हे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जतन करणे बंधनकारक आहे.

जागा पुष्कळदा ‘सिस्टीम रिस्टोअर’ने व्यापलेली असते. २००० सालच्या विंडोज एमईपासून आलेली ही सोय संगणकाची पूर्वस्थिती नोंदवून ठेवते. ‘सिस्टीम प्रोटेक्शन’मधील ‘कॉन्फिगर’ येथे तिच्या जागेची कमाल मर्यादा ठरवता येते. ती भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. तेथील ‘डिलीट’ दाबल्यास मात्र त्या ड्राइव्हच्या सर्वच नोंदी जातात.

ही सोय बिघडलेली यंत्रणा सावरण्यासाठी आहे, हरवलेली खतावणी परत मिळवण्यासाठी नव्हे. म्हणून तिला मर्यादित जागा पुरे. हिशेबाची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती दुकानाबाहेर ठेवावी आणि अधूनमधून उघडूनही पाहावी.