सलग ऐकावेत असे काही अल्बम

क्लिप्स या जोडीच्या ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ (जुलै २०२५) या अल्बमचं पहिलंच गाणं आई-वडिलांच्या मृत्यूवर आहे. हिप-हॉपच्या अल्बमची सुरुवात सहसा ललकारीने होते. इथे व्हर्जिनियातले दोन सख्खे भाऊ, एक पन्नाशीच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा, आई गेल्यावर चार महिन्यांत वडीलही कसे गेले ते सांगत बसतात. धाकटा पुशा टी आईशी झालेल्या शेवटच्या बोलण्याकडे परत परत वळतो. ती निरोप घेत होती आणि ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. थोरला मॅलिस वडिलांच्या घरी जाऊन दार वाजवतोय, आतून उत्तर येत नाही. जॉन लेजंड धृपद गातो आणि त्याच्यामागे व्हॉइसेस ऑफ फायर या चर्चगायकांच्या संचाचा आवाज चढत जातो. पुढच्या गाण्यांतली सगळी मग्रुरी मग वेगळी ऐकू येते, कारण ती कोणाची आहे हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

आधीच्या अल्बमनंतर या जोडीचा हा अल्बम सोळा वर्षांनी आला. मधल्या काळात मॅलिस धर्माकडे वळला. अमली पदार्थांच्या धंद्याच्या ज्या कहाण्यांवर क्लिप्सचं नाव झालं होतं, त्यांच्यापासून तो दूर गेला. काही वर्षं तर त्याने ‘नो मॅलिस’ असंच नाव लावलं. तो परतलाय तो जुन्या आयुष्याची भलामण करायला नाही. तेच जग तो आता पलीकडच्या काठावरून पाहतो, आणि माझ्या मते या अल्बममधली त्याची कडवी धाकट्या भावापेक्षा सरस आहेत. संगीत सगळं फॅरेल विल्यम्सचं. तो लुई व्हितॉनच्या पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख संकल्पक असल्याने रेकॉर्डिंग झालं पॅरिसमध्ये, त्या कंपनीच्या मुख्यालयात. ‘सो बी इट’ या गाण्यात सौदी गायक तलाल मद्दाह यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा आहे. व्हायोलिनांचा तो फेरा दोन-तीनदा फिरून आला की डोक्यातून जात नाही. पाहुणा रॅपर केंड्रिक लमारच्या एका कडव्यावर रेकॉर्ड कंपनीने हरकत घेतली, तेव्हा या दोघांनी कडवं ठेवलं आणि कंपनी सोडली. अल्बममध्ये शिव्या आणि पावडरीचे उल्लेख भरपूर आहेत, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावावा.

हिप-हॉप, सोल आणि इंडी असे कप्पे दुकानदारांनी पाडले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायनातून निघालं ते सोल, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गल्ल्यांतून निघालं ते हिप-हॉप, बड्या कंपन्यांना वगळून गिटारवाल्या पोरांनी उभं केलं ते इंडी, अशी ढोबळ वाटणी करता येते. पण गेल्या दोनेक वर्षांत मला मनापासून आवडलेले अल्बम बघितले, तर या कप्प्यांमधून माणसं बिनदिक्कत ये-जा करताना दिसतात. आणि यातले बरेचसे अल्बम घरच्या माणसांबद्दल बोलतात.

लंडनच्या लिटल सिम्झचा ‘लोटस’ (जून २०२५) घ्या. सिम्झचे आई-वडील नायजेरियाचे. २०२२ सालचं मर्क्युरी पारितोषिक तिला ज्या अल्बमसाठी मिळालं, तो इन्फ्लो या लहानपणापासूनच्या मित्रासोबत केलेला होता. पुढे पैशांवरून ते दोघं दुरावले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ‘लोटस’ तिने दुसऱ्याच संयोजकासोबत, माइल्स क्लिंटन जेम्ससोबत केला. सुरुवातीची गाणी संतापाने धुमसतात. पण मी ज्या गाण्यासाठी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावतो ते आहे ‘ब्लड’. त्यात बहीण-भाऊ फोनवर बोलतात. भावाचं काम रेच ३२ या रॅपरने केलंय. दोघं आळीपाळीने बोलतात. चौकशीतून तक्रार निघते, तक्रारीतून जुना राग, आणि तरी फोन कोणी ठेवत नाही. कलहाचं इतकं खरं संभाषण मी अलीकडे नाटकातही ऐकलेलं नाही. रॅप म्हणजे नुसती फुशारकी असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आधी हेच गाणं ऐकवतो.

अल्बमच्या नावाच्या गाण्यात सिम्झसोबत मायकल किवानुका गातो. त्याचा ‘स्मॉल चेंजेस’ (नोव्हेंबर २०२४) हा या काळातला माझा सर्वांत लाडका सोल अल्बम. किवानुकाचे आई-वडील इदी अमीनच्या राजवटीत युगांडा सोडून लंडनला आले. त्याच्या आवाजात एक खरखर आहे आणि तो कधीच घाई करत नाही. या अल्बममध्ये तर बहुतेक गाणी विलंबित चालीने जातात. संयोजन डेंजर माउस आणि इन्फ्लो यांचं. ‘लोडाउन’ हे गाणं दोन भागांत आहे. दुसऱ्या भागात शब्द मागे पडतात आणि गिटार बोलू लागते. पिनो पॅलाडिनो या बेसवादकाचाही अल्बमला हातभार लागलाय. हे तेच पॅलाडिनो, ज्यांचा बेस डी’अँजेलोच्या ‘वूडू’ (२०००) या अल्बममध्ये ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. आज सोल म्हणून जे काही होतंय त्यावर ‘वूडू’ची छाया आहे. डी’अँजेलो १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्करोगाने गेला, अवघ्या ५१व्या वर्षी. जुना असला तरी त्याचा हा अल्बम या यादीत जोडून घ्या. तबल्याच्या लग्ग्या ज्यांना कळतात त्यांना त्यातली लय जास्तच कळेल.

सोल आणि इंडीच्या बरोबर सीमेवर ब्लड ऑरेंजचा ‘एसेक्स हनी’ (ऑगस्ट २०२५) आहे. ब्लड ऑरेंज म्हणजे डेव्ह हाइन्स. आई गेल्यानंतर तो न्यूयॉर्कहून मनाने परत एसेक्सला, आपल्या बालपणाच्या उपनगरात जातो. चेलो तो स्वतः वाजवतो. गाणी मध्येच थांबतात, दुसरीकडेच वळतात, आणि पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं. दुःखात माणसाचं मन असंच भरकटतं, हे लक्षात आलं की खटकत नाही. ‘व्हिव्हिड लाइट’मध्ये कादंबरीकार झेडी स्मिथ यांचा आवाज आहे, वाचकांना याचं कौतुक वाटेल.

निव्वळ इंडीकडे वळायचं तर ब्रुकलिनच्या गीज या बँडचा ‘गेटिंग किल्ड’ (सप्टेंबर २०२५) आधी. तो केला आहे हिप-हॉपमधून आलेल्या केनी बीट्सने, आणि पहिल्या गाण्यात रॅपर जेपेगमाफियाचा आवाज आहे. शांत चाललेलं ते गाणं एकाएकी किंचाळतं. घाबरून बंद करू नका. गायक कॅमेरॉन विंटरचा आवाज थरथरता, ओढलेला, अर्धा रडवेला आहे. तो एक तर अंगावर येतो किंवा कायमचा आवडतो. कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगेलने सिंडी ली या नावाने केलेला ‘डायमंड ज्युबिली’ (मार्च २०२४) याच्या अगदी उलट, जुन्या रेडिओतून आल्यासारखा मंद. ३२ गाणी, दोन तास. तो निघाला तेव्हा कोणत्याही गाण्यांच्या ॲपवर नव्हता; एक साधी वेबसाइट आणि यूट्यूबवरची एक सलग फाइल, एवढंच. तरीही तोंडी शिफारशींवर तो जगभर पोचला.

आपल्याकडचं काय? दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडचा ‘बीटा’ (ऑगस्ट २०२४) जरूर ऐका. सूर्यकांत साहनीचा मखमली आवाज आणि सोबतीला ट्रम्पेट. बंगळुरूच्या हनुमानकाइंड या रॅपरचा ‘मान्सून सीझन’ (जुलै २०२५) थोडा विस्कळीत आहे, पण त्याच्या ‘रन इट अप’चा व्हिडिओ चुकवू नका. केरळच्या चेंड्याच्या तालावर त्यात कळरीपयट्टूच्या बरोबरीने आपले मर्दानी खेळही आहेत. आणि मराठीतला रॅप ऐकायचा असेल तर मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचं, २०१९ साली आरेच्या जंगलासाठी केलेलं ‘वारली रिव्होल्ट’. त्यात आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. तो अल्बम नाही, एकच गाणं आहे, पण त्याच्या तोडीचा सबंध मराठी हिप-हॉप अल्बम मला अजून भेटायचाय.

ऐकताना दोनच गोष्टी करा. गाणी उलटसुलट लावणारं ‘शफल’चं बटण बंद ठेवा, आणि इंग्रजी रॅपचा वेग झेपत नसेल तर शब्द समोर उघडून ठेवा, दुसऱ्या फेरीला त्यांची गरज उरत नाही. आणि यातला एकच अल्बम ऐकायला सवड असेल तर ‘स्मॉल चेंजेस’ ऐका. पाऊण तासाच्या आत संपतो, आणि घरातल्या थोरामोठ्यांसोबतही लावता येतो.