नोटीस आली म्हणजे घर गेलं असं नाही

‘आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा. नाहीतर सामान बाहेर काढले जाईल.’ वहीच्या फाडलेल्या पानावर एवढ्या दोनच ओळी. कारण नाही, तारीख नाही. सही मात्र ठसठशीत.

सिडकोतली एक बाई हा कागद घेऊन आमच्या मंडळात आली तेव्हा फेब्रुवारी सुरू होता. मुलीची दहावी तोंडावर, नवरा अंबडला कंत्राटी कामावर, हिची घरात शिलाई मशीन. सहा वर्षं त्याच दोन खोल्यांत राहत होते. भाडं एक महिनाही चुकलेलं नाही. मालकांना एकदम दीड हजार वाढवून हवे होते. यांनी ‘परीक्षा होईपर्यंत थांबा’ म्हटलं आणि तिथंच बिनसलं.

‘ताई, दुसरी खोली कुठं मिळेल?’ हा तिचा पहिला प्रश्न. आपण बायका नेमकं हेच करतो. कागद आला की तो नीट वाचायच्या आधी भांडी बांधायला लागतो!

मैत्रिणींनो, नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. भाडं महिन्याच्या महिन्याला देत असाल आणि दुसरा काही करार नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे निदान १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. म्हणजे आठ दिवस कमीच. पण फक्त दिवस मोजत बसू नका. कोर्टात दावाच पुरेशी मुदत उलटून गेल्यावर दाखल झाला, तर नोटिशीत दिवस कमी होते एवढ्यावरून ती रद्द होत नाही.

खरा आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. भाडेकरू कायदेशीर भाडं देतोय आणि अटी पाळतोय, तोवर मालकाला मनात आलं म्हणून घर रिकामं करून घेता येत नाही. स्वतःला राहायला जागेची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, घराची नासधूस अशी कारणं कायद्यात दिलेली आहेत, आणि ती कोर्टात सिद्ध करावी लागतात. गरजेचं कारण असलं तरी घर गेल्यानं भाडेकरूला जास्त त्रास की न मिळाल्यानं मालकाला, हेही कोर्ट बघतं. भाडं थकलं तरी लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावं लागतं. धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं, की भाडे कायद्याखाली कलम १०६ च्या नोटिशीवर काही अडत नाही, कायद्यातलं कारण सिद्ध व्हावं लागतं. आणि भाडेवाढ? ती वर्षाला ४ टक्के.

‘पण आमच्याकडे करारच नाही,’ ती म्हणाली. तोही दोष भाडेकरूचा नाही. कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मात्र ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार केला असेल, तर गोष्ट वेगळी. मुदत संपली की घर सोडावंच लागतं, नाहीतर दुप्पट रक्कम भरायची वेळ येते. मुदतीच्या आत काढायचं असेल तर करारात लिहिली असेल तेवढी नोटीस हवी. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. नवऱ्यानं सही केली असली तरी तुम्हीही वाचा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अनेक घरांच्या पावत्या नवऱ्याच्या नावावर असतात. तो गेला की ‘आता तुमचा काय संबंध?’ असं विचारलं जातं. संबंध आहे. मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क येतो.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाची पायरी जरूर चढावी. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

आम्ही तिथंच गेलो. वकीलबाईंनी स्पीड पोस्टानं उत्तर पाठवलं: भाडं नियमित आहे, कायदेशीर वाढ द्यायला तयार आहोत, नोटीस मान्य नाही. त्यावर दोन दिवस नळ बंद! पाणी किंवा वीज अशी तोडणं कलम २९ नुसार गुन्हा आहे, हे कळवल्यावर नळ सुरू झाला. सामान खरंच बाहेर फेकलं असतं, तरी सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता आला असता.

शेवटी मालक बोलायला आले. मुलाचं लग्न ठरलं होतं, खोल्या त्याच्यासाठी हव्या होत्या. हे आधीच सांगितलं असतं तर? मेअखेर घर सोडायचं आणि त्याच दिवशी डिपॉझिट परत, असं कागदावर ठरलं. मुलीनं तिचे सगळे पेपर त्याच घरातून दिले.

हे जमलं, कारण भाडं बँकेतून जात होतं आणि पासबुकात नोंदी होत्या. भाडं रोख देत असाल तर पावती मागा, मोबाइलवरून पाठवत असाल तर ‘भाडे’ आणि महिना लिहा. मालकानं नाकारलं तरी देणं थांबवू नका. रेशन कार्ड ज्या पिशवीत जपून ठेवता, त्याच पिशवीत हे कागदही ठेवा.