टाकीतला समुद्र आणि तांब्याभर गोडे पाणी

समजा, तुम्ही काचेच्या टाकीत १०० लिटर खारे पाणी भरून समुद्री मासे आणि प्रवाळ पाळले आहेत. (आपल्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ मात्र तोडून आणू नका बरे, २००१ पासून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.) आठवड्याभरात १० लिटर पाणी आटले. आता भर कसल्या पाण्याची घालाल? ‘खाऱ्या!’ असे उत्तर चटकन तोंडावर येते. पण तेच घात करते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तुमच्या टाकीत साडेतीन किलो. वाफ होऊन जाते ते नुसते पाणी. क्षार मागेच राहतात. मिठागरात मीठ पिकते ते यामुळेच! आटलेल्या पाण्याच्या जागी दर आठवड्याला १० लिटर खारे पाणी ओतलेत, तर चार आठवड्यांनी लिटरमागे ४९ ग्रॅम क्षार होतील.

मासा थोडाफार निभाव लावतो. जादा मीठ तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. प्रवाळाला ही सोय नाही. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते ना, तसे त्याच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते.

म्हणून काचेवर पातळीची रेघ ओढा आणि रोज तिथपर्यंत गोडे पाणी घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा ऊर्ध्वपातित पाणी बरे. मात्र घाण झालेले पाणी तुम्ही उपसून टाकलेत, तर त्याबरोबर क्षारही जातात. त्या वेळी भर खाऱ्या पाण्याचीच हवी.